पहिले औषध हरते तेव्हा

आज २२ सप्टेंबर. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचा हा जागतिक दिन. या आजारात रक्तपेशीतल्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले जातात, म्हणून रुग्णांच्या संघटनांनी नवव्या महिन्याचा बाविसावा दिवस निवडला. या दिवशी ठिकठिकाणी सभा होतात, वर्षानुवर्षे गोळी घेऊन धडधाकट राहिलेली माणसे व्यासपीठावर येतात आणि इमॅटिनिबची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. ती पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे. मात्र आज आम्हाला त्या गोष्टीचा मागे राहून जाणारा भाग सांगायचा आहे. ज्यांना हे औषध लागू पडले नाही, किंवा लागू पडून पुढे निकामी झाले, त्यांचे काय झाले? त्यांच्यासाठी नवी औषधे कशी पारखली गेली आणि त्या पारखणीत कोणी काय सोसले?

आधी मूळ कथा, थोडक्यात. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक विलक्षण आखूड गुणसूत्र दिसले. ते आखूड का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रोली यांनी दाखवले: त्याचा तुकडा नवव्या गुणसूत्रावर गेलेला होता आणि तिकडचा तुकडा इकडे आलेला होता. हे दोन तुकडे जुळतात तिथे बीसीआर-एबीएल नावाचे, निरोगी पेशीत नसणारे जनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन पांढऱ्या पेशींना अखंड वाढत राहण्याचा हुकूम देते. सुरुवातीच्या टप्प्यात सगळा आजार या एकाच प्रथिनावर उभा असतो. त्याला रोखणारा रेणू, म्हणजेच इमॅटिनिब, बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाने तयार केला आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाने ते औषध घेतले.

त्या पहिल्या चाचणीत कोण होते, हे सहसा सांगितले जात नाही. ते सगळे आधीच्या उपचाराला दाद न दिलेले किंवा तो न सोसलेले रुग्ण होते. त्या काळचे मान्य औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने. ती ज्यांच्यावर चालली नाहीत, किंवा ज्यांना त्यांचा ताप, अंगदुखी आणि खिन्नता सोसवेना, अशी माणसे या चाचणीत आली. म्हणजे आज सर्वांना पहिल्यांदा दिले जाणारे हे औषध स्वतः प्रमाण उपचार हरलेल्या माणसांवर तपासून निघालेले आहे. पहिल्या तुकडीला दिवसाला फक्त २५ मिलिग्रॅम औषध मिळाले. आजच्या ४०० मिलिग्रॅमच्या मानाने तो डोस नगण्यच. पण नवा रेणू माणसाच्या शरीरात काय करील हे कोणालाच माहीत नसताना सुरुवात खालूनच करावी लागते, आणि त्या खालच्या पायरीवर कोणाला तरी उभे राहावे लागते. डोस चढत गेला. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत असा निकाल त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिला असेल. बातमी रुग्णांमध्ये पसरली, कंपनीने औषधाचे उत्पादन वाढवावे म्हणून रुग्णांनीच सह्यांची मोहीम काढली आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

त्याच वर्षी, त्या आनंदाच्या भरातच, हरण्याची नोंदही झाली. आजार पुढच्या टप्प्याला, डॉक्टर ज्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात तिथे, पोहोचलेल्या रुग्णांनाही इमॅटिनिब दिले गेले होते. त्यांच्या पेशी काही आठवड्यांत खाली आल्या आणि बहुतेकांच्या काही महिन्यांत परत वर चढल्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ल्स सॉयर्स आणि मर्सिडीज गोर यांनी अशा रुग्णांच्या पेशी तपासायला घेतल्या. नऊपैकी सहा रुग्णांत तोच एक बदल सापडला. बीसीआर-एबीएल प्रथिनाच्या ३१५ व्या जागी थ्रिओनिन असते, तिथे आयसोल्युसिन आले होते. जनुकातले एक अक्षर बदलले होते, एवढेच. या बदलाला टी-३१५-आय असे नाव पडले. पुढची वीस वर्षे जगभरच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या तोंडी ते राहिले.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. त्या प्रथिनाला काम करायला एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू लागतो आणि तो एका खोबणीत येऊन बसतो. इमॅटिनिब त्याच खोबणीत आधी जाऊन बसते. कुलपाच्या भोकात काडी मोडून बसली की किल्ली आत जात नाही, तसेच हे. टी-३१५-आय बदलात खोबणीचा आकार असा काही बदलतो की काडी आत शिरत नाही, किल्ली मात्र पूर्वीसारखीच जाते. औषध रक्तात असते, पोटात मळमळ तीच असते, पायात गोळे तेच येतात. फक्त ज्याच्यासाठी ते घेतले ते काम होत नाही. आणि हा बदल बहुधा औषधाने घडवलेला नसतो. कोट्यवधी रोगट पेशींत एखाद-दुसरी अशी आधीपासूनच असते. बाकीच्या औषधाने मेल्या की तिला मोकळे रान मिळते.

त्या नऊ रुग्णांचा विचार मनातून जात नाही. औषध आपल्याला सोडून चालले आहे हे त्यांना कळत होते. तरी त्यांनी रक्त दिले, कंबरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढू दिली. त्यातून निघालेले ज्ञान त्यांच्या उपयोगी पडणार नव्हते. वेळ उरलेला नव्हता. पण त्या नमुन्यांमुळे एक गोष्ट कायमची ठरली: औषध हरले तर ‘आता उपाय नाही’ म्हणून फाईल मिटायची नाही, ते कशामुळे हरले ते शोधायचे. प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, कर्करोगावरच्या औषधसंशोधनाचा पाया हा आहे आणि तो यश मिळालेल्या रुग्णांनी घातलेला नाही.

पुढची औषधे भराभर आली. दासाटिनिबला २००६ मध्ये, नायलोटिनिबला २००७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. इमॅटिनिबला दाद न देणारे अनेक बदल त्यांनी रोखले. टी-३१५-आय मात्र दोघांनाही पुरून उरला. दासाटिनिबच्या चाचण्यांत एक धडा मिळाला, जो त्या वेळी पुरेसा घेतला गेला नाही असे आमचे मत आहे. सुरुवातीला हे औषध ७० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे मंजूर झाले. अनेक रुग्णांच्या छातीत, फुप्फुसाभोवती पाणी साठू लागले. मग ६७० रुग्णांच्या एका चाचणीत वेगवेगळे डोस ताडून पाहिले गेले. दिवसातून एकदा १०० मिलिग्रॅम दिले तरी आजार तितकाच आटोक्यात राहतो आणि छातीत पाणी होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे दिसले. डोस बदलला गेला. म्हणजे मधल्या काळात ज्यांच्या छातीतून सुईने पाणी काढावे लागले, त्यांच्यातल्या कित्येकांचा तो त्रास टाळता आला असता.

पोनाटिनिबने हाच धडा फार मोठी किंमत मोजून पुन्हा शिकवला. मॅसॅच्युसेट्समधल्या एरियाड कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी टी-३१५-आय डोळ्यांसमोर ठेवूनच हा रेणू बांधला होता. आयसोल्युसिनच्या फुगवट्याला वळसा घालून जाईल असा कार्बनच्या दोन अणूंचा तिहेरी बंध त्यांनी मधोमध घातला. ४४९ रुग्णांवर, ४५ मिलिग्रॅम या डोसाने, त्याची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली. ज्यांच्यावर दुसरे कोणतेच औषध चालत नव्हते अशा, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, टी-३१५-आय असलेल्या ६४ रुग्णांपैकी ४५ जणांत गुणसूत्रांच्या पातळीवर मोठी सुधारणा दिसली. १४ डिसेंबर २०१२ रोजी मंजुरी मिळाली. ज्यांनी आपली निरवानिरव सुरू केली होती ती माणसे कामावर परतली.

आणि मग रक्तवाहिन्या तुंबू लागल्या. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, पायाच्या धमन्या बंद पडणे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले की सरासरी सव्वा वर्ष औषध घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे २४ टक्क्यांना असा गंभीर त्रास झाला आहे. त्याहून जास्त काळ, पावणेतीन वर्षांच्या आसपास, घेतलेल्यांत तो आकडा ४८ टक्क्यांच्या घरात होता. नव्याने निदान झालेल्या रुग्णांत पोनाटिनिब आणि इमॅटिनिब यांची थेट तुलना करणारी चाचणी तत्काळ थांबवली गेली. ३१ ऑक्टोबरला विक्रीही थांबली. त्या वेळी ज्यांच्यासाठी हे एकच औषध काम करत होते त्यांच्या घरी काय वाटले असेल? एका बाजूला धमनी बंद पडण्याची भीती, दुसऱ्या बाजूला औषधच बंद पडण्याची. एकेका रुग्णासाठी खास परवानगी मागून औषध मिळवावे लागले. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्याला पुन्हा विक्रीची परवानगी मिळाली. ठळक इशाऱ्यासह आणि ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांपुरते.

हे आधी का कळले नाही? एक कारण असे की मंजुरीचा आधार असलेल्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. सगळ्यांना तेच औषध. रुग्ण वयस्क होते, आजाराने आणि आधीच्या औषधांनी थकलेले. हृदयविकाराचा झटका आला तर तो वयाने आला की औषधाने, हे एकट्या गटावरून ठरवणे अवघड. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नाही अशांवरच्या चाचणीत तुलनेचा गट ठेवणे कठीण असते हे आम्हाला मान्य आहे. अशा आजारात कोणी कोणाला साखरेची गोळी देत नाही. तशी भीती अनेक रुग्णांच्या मनात असते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. तुलना करायची ती हाती असलेल्या उत्तमातल्या उत्तम औषधाशी. पण ती केलीच नाही तर औषधाचे पाप आजाराच्या खात्यावर जमा होत राहते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. केमोथेरपीच्या काळापासून कर्करोगाच्या औषधाचा डोस ठरवण्याची रीत अशी की शरीराला सोसेल तितका चढवत न्यायचा आणि जिथे सोसवेना त्याच्या एक पायरी खाली थांबायचे. पेशी मारणाऱ्या विषारी औषधांना ही रीत शोभत होती. चार-सहा महिन्यांत उपचार संपत होता. सीएमएलची गोळी माणूस वीस, तीस, चाळीस वर्षे घेतो. एका प्रथिनाला रोखायला जेवढे पुरते त्याहून जास्त औषध दिले, तर जास्तीचा भाग फक्त हृदयाला, फुप्फुसाला, धमन्यांना भोवतो. पोनाटिनिबचा योग्य डोस शोधणारी चाचणी नंतर झाली. तीत २८३ रुग्णांना तीन गटांत विभागले. ४५ मिलिग्रॅमने सुरू करून आजार ठरावीक पातळीखाली आला की लगेच १५ वर उतरायचे, ही पद्धत उत्तम ठरली आणि २०२० च्या डिसेंबरात ती अधिकृत झाली. पहिल्या मंजुरीनंतर आठ वर्षांनी. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता असे आज म्हणणे सोपे आहे. तरीही ते म्हटले पाहिजे, कारण प्रतिरोधी कर्करोगावरची नवी औषधे अजूनही पुष्कळदा त्याच जुन्या रीतीने डोस ठरवून येतात आणि रुग्णाची निकड हे त्या घाईचे समर्थन म्हणून पुढे केले जाते.

असिमिनिबच्या बाबतीत मात्र काही शहाणपण दिसले. हे औषध खोबणीत बसतच नाही. प्रथिनाच्या दुसऱ्याच एका भागाला चिकटून ते त्याला निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. निदान दोन औषधे हरलेल्या किंवा न सोसलेल्या २३३ रुग्णांत त्याची थेट तुलना बोसुटिनिब या आधीपासून वापरात असलेल्या औषधाशी केली गेली. चोवीस आठवड्यांनी अपेक्षित खोल परिणाम असिमिनिब घेणाऱ्या २५.५ टक्क्यांत आणि बोसुटिनिब घेणाऱ्या १३.२ टक्क्यांत दिसला, आणि त्रासामुळे औषध सोडणारेही असिमिनिबकडे कमी होते. चारांत एक हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडेल. पण दोन-दोन औषधे हरल्यावर चारातल्या एकाला वर्षभराच्याही आत ते मिळावे, ही थोडी गोष्ट नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात त्याला मंजुरी मिळाली. टी-३१५-आय असलेल्यांना त्याचा डोस कितीतरी पटींनी जास्त लागतो हेही चाचणीत आधीच शोधून ठेवले होते.

प्रतिरोधाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना सूर दोष देण्याचा होऊ नये याची काळजी घेतली पाहिजे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी यंत्रणा लावून तीन महिने पाहणी केली गेली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यापैकी जवळपास सर्वांना, ९४.५ टक्क्यांना, अपेक्षित खोल परिणाम मिळाला. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ते प्रमाण २८.४ टक्के निघाले. महिन्याला तीन किंवा जास्त गोळ्या चुकल्या की एवढा फरक. म्हणजे ज्याला आपण प्रतिरोध म्हणतो त्यातल्या काही ठिकाणी औषध हरलेले नसते. ते पोटात गेलेलेच नसते. आणि हे लंडनमध्ये, जिथे औषध मोफत मिळते. आपल्याकडे गोळी चुकण्याची कारणे वेगळी आहेत. औषधासाठी तालुक्याहून मुंबईला यायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते. सुगीच्या दिवसांत तारीख पुढे ढकलली जाते. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ‘साठा संपला, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले जाते. लग्न ठरलेल्या मुलीच्या गोळ्या सासरच्यांना दिसू नयेत म्हणून माहेरीच राहतात. नवे महागडे औषध शोधण्याआधी या कारणांवर उपाय करणे हाही प्रतिरोधावरचाच उपचार आहे.

आणि आपल्याकडे हा आजार तरुणांना होतो. युरोप-अमेरिकेत निदानाच्या वेळचे वय साधारण साठीच्या आसपास असते; भारतात ते तिशी-चाळिशीत येते. लहान मुले असलेला, नोकरीत नुकताच स्थिरावलेला, शेतीचा भार नुकताच खांद्यावर घेतलेला माणूस. त्याला साठ वर्षांच्या अमेरिकन रुग्णापेक्षा दुप्पट काळ औषध घ्यायचे असते, म्हणजे औषध हरण्याची शक्यता आणि त्याचे साठत जाणारे दुष्परिणाम या दोन्हींना तितका जास्त वाव. डोस किती पुरतो हा प्रश्न म्हणूनच बॉस्टनपेक्षा बीडमध्ये जास्त निकडीचा आहे.

इमॅटिनिब स्वस्त व्हावे म्हणून या देशाने दिलेली लढाई अभिमानास्पद आहे आणि तिचा एक मोठा धागा मुंबईचा आहे. इमॅटिनिब विकणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंट अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पुढे होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना होते; भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांना मिळत होते, आणि ते पुढे आणखी उतरले. कंपनीने मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो भारतीय रुग्णांना मोफत औषध दिले हेही नोंदवले पाहिजे. त्या निकालाने पहिले औषध गरिबाच्या आवाक्यात आणले.

पण पहिले औषध हरले की तोच गरीब पुन्हा एकटा पडतो. सर्वांत आधी तर ते हरले आहे हे त्याला वेळेवर कळतच नाही. दर तीन महिन्यांनी रक्तातल्या बीसीआर-एबीएलचे प्रमाण पीसीआरने मोजायचे असते: तीन महिन्यांनी दहा टक्क्यांखाली, सहा महिन्यांनी एक टक्क्याखाली, वर्षाने ०.१ टक्क्याखाली. हे टप्पे चुकले की डॉक्टर सावध होतो, म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी सांगतो, औषध बदलतो. जिथे पीसीआर होत नाही तिथे फक्त सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, पाहिली जाते. काउंट नॉर्मल आहेत, ठीक चालले आहे, असे म्हणून रुग्ण घरी जातो आणि आत आजार पुन्हा मूळ धरत असतो. पांढऱ्या पेशी वाढून, प्लीहा सुजून बरगडीखाली हाताला लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. गोळी स्वस्त आणि तपासणी महाग, या विचित्र उलटापालटीत किती माणसे गेली असतील! दासाटिनिबचे भारतीय पेटंट २०२० मध्ये संपले, त्यामुळे दुसरे औषध आता बऱ्याच जणांना परवडते. टी-३१५-आय निघाला तर मात्र प्रश्न तिथेच येऊन थांबतो. पोनाटिनिब आणि असिमिनिब यांपर्यंत सामान्य कुटुंबाची मजल जात नाही, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत.

म्हणून या आजाराच्या चाचण्या भारतात झाल्या पाहिजेत, त्या भारतीय रुग्णांचे प्रश्न विचारणाऱ्या असल्या पाहिजेत, आणि त्यातल्या काही सार्वजनिक पैशाने झाल्या पाहिजेत, असे आमचे ठाम म्हणणे आहे. कंपनी डोस कमी करण्याची चाचणी स्वतःहून सहसा करणार नाही. गोळी निम्मी झाली की विक्रीही निम्मी होते. हे काम सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांचे आहे, आणि ते इथे होऊ शकते याचा पुरावा परळमध्येच आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे अतिशय महाग औषध नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. १५१ रुग्णांची, दोन गटांची, रीतसर तुलना. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. कर्करोग वेगळा असला तरी प्रश्न तोच होता: खरोखर किती औषध पुरते? नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या रूपाने देशभरची कर्करोग रुग्णालये २०१२ पासून एका साखळीत आलेली आहेत. प्रतिरोधी सीएमएलच्या रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या औषधाचा कमीत कमी पुरेसा डोस शोधणे हे त्या साखळीला सहज पेलणारे काम आहे. नवे रेणूही इथे घडत आहेत. मुंबईच्या सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्च कंपनीचे वोडोबॅटिनिब प्रतिरोधी सीएमएलमध्ये तपासले गेले आहे. टी-३१५-आयवर त्याचा उपयोग होत नाही, पण हृदयाला आणि धमन्यांना कमी त्रास देणारे तिसरे औषध मिळाले तर आपल्या तरुण रुग्णांना ते हवेच आहे.

चाचणी म्हटली की आपल्याकडे ‘आमच्यावर प्रयोग करता का?’ असा प्रश्न येतो. तो अडाणीपणातून येत नाही. न समजलेल्या कागदांवर घेतलेले अंगठे, नुकसानभरपाईविना झालेले मृत्यू यांचा इतिहास आपल्या मागे आहे आणि त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्यानंतर नियम कडक झाले. चाचणी सुरू होण्याआधी तिची सार्वजनिक नोंद आता सक्तीची आहे. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती दृश्य-श्राव्य चित्रित करावी लागते. २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास उपचाराची आणि भरपाईची तरतूद आहे. नियम चांगले आहेत. ते ओपीडीच्या गर्दीत, तीन मिनिटांच्या भेटीत पाळले जातात की नाही, हे पाहणाऱ्या नैतिक समित्यांवर रुग्णांचे प्रतिनिधी नावापुरते न बसता बोलण्यासाठी बसले पाहिजेत.

आणि शेवटचा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाचणीत औषध लागू पडले, रुग्ण सावरला, आणि चाचणी संपली. मग पुढे? प्रतिरोधी आजाराचा रुग्ण हे औषध थांबवू शकत नाही. दुसरे नाही म्हणून तर तो चाचणीत आला. दुसरा पर्याय नसेल आणि डॉक्टरने व नैतिक समितीने शिफारस केली असेल, तर चाचणीनंतरही औषध मोफत पुरवण्याची तरतूद त्याच २०१९ च्या नियमांत आहे. ती अनेक रुग्णांना ठाऊक नाही. राज्य सरकारने दर तिमाहीची पीसीआर तपासणी आणि गरजेप्रमाणे म्युटेशनची तपासणी मोफत करावी, जिल्हा रुग्णालयात रक्त घेऊन नमुना मुंबई-नागपूर-पुण्याला पाठवण्याची सोय करावी, म्हणजे माणसाला नमुन्याबरोबर प्रवास करावा लागणार नाही. आणि या राज्यात जी चाचणी होईल तिच्या मराठी संमतिपत्राच्या पहिल्याच पानावर, बारीक टायपात शेवटच्या पानावर नव्हे, लिहिलेले असावे की चाचणी संपल्यावर हे औषध कोण देणार, किती काळ देणार, आणि ते न मिळाल्यास रुग्णाने कोणाच्या दारात जाऊन मागायचे.